किनाऱ्यावर पदभ्रमंतीचा गट नेताय? आधी बसचं बघा

दिवाळी सरली की पुणे-मुंबई, कोल्हापूर-सांगलीकडचे चालणारे गट कोकणाच्या वाटेला लागतात. सह्याद्रीत ट्रेक नेऊन हात बसलेले नवे लीडर पहिल्यांदा किनाऱ्याची पदभ्रमंती आखतात तेव्हा चालायची वाट, मुक्कामाचं घर, मासळीची थाळी हे सगळं चोख ठरवतात. बसबद्दल मात्र "सकाळी सहाला निघायचं" यापलीकडे काही ठरलेलं नसतं. पुढचं ड्रायव्हर बघून घेईल, असा हिशोब. किल्ल्याच्या पायथ्याशी तो हिशोब बहुतेक वेळा निभावून जातो, कारण तिथे कुठेतरी माळ, शाळेचं पटांगण, रस्त्याकडेची मोकळी जागा मिळतेच. किनाऱ्यावर निभावत नाही.

त्याचं कारण गावांच्या ठेवणीत आहे. एका अंगाला डोंगराचा उतार, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधल्या चिंचोळ्या पट्टीत नारळी-पोफळीच्या वाड्या, घरं, देऊळ आणि या सगळ्यातून जाणारा एकच रस्ता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणाच्या भिंती. समोरून टेम्पो आला तर दोघांतल्या एकाला मागे जावंच लागतं. पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, उतरणारी वाट बरेचदा पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट), नाहीतर कुणाच्या तरी वाडीतली पायवाट. अशा जागी लांबलचक बस "पाचच मिनिटं" उभी राहिली की दूधवाल्यापासून रुग्णवाहिकेपर्यंत सगळे तिच्या मागे उभे.

म्हणून क्रम उलटा ठेवा. बसचा दिवस आधी आखायचा, पायांचा नंतर. चालायला आलेली माणसं गरज पडली तर दोन किलोमीटर जास्त चालतात आणि वर खूशही होतात. बसला तशी सवलत नाही.

गाडी केवढी घ्यायची

नियमाप्रमाणे दोन आसांची बस साडेतेरा मीटरपर्यंत लांब आणि २.६ मीटरपर्यंत रुंद असू शकते. आरसे त्याबाहेर. किनाऱ्याच्या गावातला डांबरी रस्ता तीन-पावणेचार मीटरचा, आणि डांबर संपलं की लगेच गटार किंवा गडगा. तेव्हा ४५-४९ सीटची गाडी सरळ आत जाईलही, पण एका दमात वळवायला तिला वीसेक मीटरची मोकळी जागा लागते. ती गावात बहुधा फक्त देवळापुढे असते आणि तिथे आधीच चार गाड्या लागलेल्या असतात.

चाळीस माणसांना एक मोठी बस स्वस्त पडते, हे खरं. तरी किनाऱ्यावर दोन मिनीबस बऱ्या. वीस ते सत्तावीस सीटच्या गाड्या शाळेच्या फाटकातून आत घेता येतात, कौलारू घराच्या खळ्याशी लावता येतात, आणि एक बंद पडली तर दुसरी हाताशी असते. गट पंधरा-सोळाचा असेल तर १७ सीटचा टेम्पो ट्रॅव्हलर घ्या, प्रश्नच मिटतो. माणशी खर्च वाढतो तो आधीच्या माहितीपत्रकात सांगून टाका. "लहान गाडी घेतली आहे, कारण मोठी गाडी जिथे थांबते तिथून तुम्हाला काही दिसत नाही" एवढं लिहिलं तरी लोक कुरकुर करत नाहीत.

मोठीच गाडी घ्यायची तर ती हमरस्त्याच्या फाट्यापर्यंतच न्यायची आणि पुढे गावातल्या रिक्षा, सहाआसनी, मॅजिक आदल्या दिवशी सांगून ठेवायच्या. चाळीस माणसांना सहा-सात फेऱ्या लागतात, अर्ध्या-पाऊण तासात काम होतं. गावातल्या चार माणसांना रोजगार मिळतो, आणि ज्या रिक्षावाल्यांनी तुमची बस बघून कपाळाला आठ्या घातल्या असत्या तेच मग "सायंकाळी किती वाजता येऊ?" म्हणून विचारतात.

आणखी एक मार्ग फार कमी लीडर वापरतात. कोकण रेल्वेने खेड, चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, कुडाळ यांपैकी सोयीच्या स्टेशनला उतरा आणि गाडी तिथली घ्या. जवळच्या आगारातून एसटी प्रासंगिक करारावर मिळते. त्या आगाराचा चालक तेच रस्ते रोज तुडवत असतो. कुठल्या वळणावर हॉर्न द्यायचा आणि कुठल्या साकवाकडे (ओढ्यावरच्या लहान पुलाकडे) बघायचंसुद्धा नाही, हे त्याला सांगावं लागत नाही. शिवाय रात्रभर घाट उतरून आलेला झोपाळू ड्रायव्हर हा धोकाही टळतो.

उंचीचं विसरू नका. टपावर सॅक बांधल्या की गाडी दीड-दोन फुटांनी वाढते, आणि वाडीतल्या रस्त्यावर आंब्या-फणसाच्या फांद्या नि लोंबत्या विजेच्या तारा असतात. सॅक डिकीत किंवा मागच्या सीटवर. टप रिकामा.

बसचा दिवस कागदावर मांडा

एका कागदावर चार जागा लिहा: माणसं उतरतील ती, गाडी थांबेल ती, गाडी वळेल ती, आणि माणसं परत चढतील ती. किनाऱ्यावर या चारही जागा वेगवेगळ्या असणं हेच नेहमीचं. चारही एकाच ठिकाणी, तेही पुळणीच्या तोंडाशी, साधायला गेलं की गोंधळ होतो.

उतरणं दोन-तीन मिनिटांचं काम आहे, तेव्हा त्याला मोठी जागा नको. सरळ रस्ता, दोन्हीकडून लांबूनच दिसणारी गाडी आणि दाराच्या बाजूला पाय ठेवायला कोरडी जमीन एवढं पुरतं. वळणावर, पुलावर, घाटात उतरवायचं नाही. आरे-वारे हे याचं ठळक उदाहरण. रत्नागिरीहून किनाऱ्याच्या रस्त्याने गणपतीपुळ्याकडे जाताना घाटी चढते आणि वळणावरून खाली पुळण एकदम उघडते. प्रत्येक गाडी नेमकी त्याच वळणावर थांबते. मोठी बस थांबली की रस्त्याची एक बाजू बंद, आणि माणसं फोटोत सगळे मावावेत म्हणून पाठमोरी सरकत सरकत दुसऱ्या बाजूला येतात. लीडर म्हणून तिथे उभं राहून बघा, पोटात गोळा येतो. त्यापेक्षा गट खाली सुरूच्या बनाजवळ उतरवा, पुळणीवरून चालवा आणि बस पुढे गणपतीपुळ्याच्या बाजूला पाठवून द्या. वरून बघायचंच असेल तर सकाळी आठच्या आत बघा, तेव्हा रस्ता मोकळा असतो.

थांबायची जागा चार-पाच तासांची. ती पुळणीपासून पाच-सात किलोमीटर लांब असली तरी बिघडत नाही. उलट चांगलं. तिथे तीन गोष्टी हव्यात: सावली, संडास, आणि ड्रायव्हरला चहा-जेवण. पेट्रोल पंपाशेजारचा ढाबा, मंगल कार्यालयाचं आवार, सुट्टीच्या दिवशी हायस्कूलचं मैदान, बंद पडलेली चिरेखाण या सगळ्या चालतात. वर सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या कातळाच्या पठारावर, भरपूर मोकळं दिसतं आणि ड्रायव्हरला मोह होतो, पण डांबर सोडून सड्यावर गाडी घालू देऊ नका. रत्नागिरी, राजापूर, लांजा या भागांतल्या सड्यांवर कातळशिल्पं, म्हणजे जमिनीच्या कातळात कोरलेली प्राचीन चित्रं, आहेत. कोकणातल्या कातळशिल्पांची काही ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, तरी अनेक शिल्पांभोवती साधा दगडांचा बांधही नाही. गवताखाली काय कोरलेलं आहे ते बसच्या खिडकीतून कळत नाही. पावसाळा नुकताच संपलेला असेल तर कातळाच्या कडेची माती मऊ असते, त्यात मागचं चाक बसलं की दिवस गेला.

वळायच्या जागेबद्दल पाहणीच्या भागात सांगतो. चढायची जागा हीच खरी डोकेदुखी, तीही पुढे.

या कागदावरून एक गोष्ट आपोआप समोर येते: जिथून निघालो तिथेच परत येण्यापेक्षा एका टोकाला उतरून दुसऱ्या टोकाला चढणं किनाऱ्यावर केव्हाही सोपं. गुहागरसारख्या लांब पुळणीवर गट असगोलीच्या बाजूला सोडला आणि गुहागर गावात घेतला की बसला पुळणीशी थांबायची गरजच उरत नाही. देवबागला तर दुसरा उपायच नाही. एकीकडे समुद्र, दुसरीकडे कर्ली नदी, मध्ये निमुळती होत गेलेली वाळूची पट्टी आणि तिच्यावर घरांच्या रांगेतून जाणारा अरुंद रस्ता. मोठी बस तारकर्लीच्या पुढे न्यायचीच नाही. माणसं पुळणीने संगमाकडे चालत जातात, येताना होडी किंवा रिक्षा. ड्रायव्हर तेवढ्यात मालवणात जेवून घेतो.

रेडी-तेरेखोल आखत असाल तर परवाना तपासा. रेडी महाराष्ट्रात, तेरेखोलचा किल्ला गोव्यात. गाडीला अखिल भारतीय पर्यटक परवाना नसेल तर ती रेडीतच थांबवा आणि पुढचं अंतर पायी करा, हद्दीवर वाद घालण्यात सकाळ घालवू नका.

तिथी बघा, मग तारीख ठरवा

पार्किंगच्या लेखात भरती-ओहोटी कशाला, असं वाटेल. पण किनाऱ्यावर चालायची वेळ समुद्र ठरवतो आणि चालायची वेळ ठरली की बसची ठरते. ओहोटी दुपारी असेल तर गट दुपारी खडकांच्या टोकाला वळसा घालून पलीकडच्या पुळणीवर उतरतो. भरती असेल तर तेच टोक बंद, वर सड्यावर चढून जावं लागतं, दोन तास जास्त लागतात, आणि बस मात्र ठरल्या वेळी अरुंद रस्त्यावर येऊन उभी असते.

कोळ्यांचं सोपं गणित आहे: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या सुमारास, एकादशीला सव्वाआठच्या. ही वेळ दिवसाची तशी रात्रीचीही, साधारण सव्वाबारा तासांच्या फरकाने. भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. म्हणजे अष्टमी-नवमीला भर दुपारी ओहोटी मिळते, फक्त तेव्हा भांग असते, पाणी फार मागे जात नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, ओहोटीला पाणी खूप आत जातं, पण ती ओहोटी पहाटे आणि तिन्हीसांजेला असते, म्हणजे चढायच्या वेळी अंधार. हे अंदाजाचं गणित आहे. नेमक्या वेळा त्या बंदराच्या भरतीच्या तक्त्यात बघून घ्या. रायगडच्या बाजूला भरती-ओहोटीतला फरक मोठा असतो, सिंधुदुर्गाकडे जाताना तो कमी होत जातो.

हरिहरेश्वरची समुद्राकडची प्रदक्षिणा ओहोटीलाच करायची, पाणी चढत असताना गट खाली उतरवायचा नाही. तिथे माणसं वाहून गेली आहेत. हेदवीची बामणघळ (खडकातली चिंचोळी घळ, भरतीचं पाणी तिच्यातून उसळतं) मात्र भरतीलाच बघण्यासारखी, त्यामुळे भरतीच्या तासा-दोन तासांत सगळ्यांच्या गाड्या एकदम येतात. तिकडे जायचं तर बस हेदवी गावात सोडून चालत जा.

पंचांग उघडलंच आहे तर संकष्टीही बघून ठेवा. गणपतीपुळ्याला अंगारकीला माणसांची आणि गाड्यांची रीघ लागते, आणि चतुर्थी असल्यामुळे दुपारी तीनच्या आसपास समुद्रही भरलेला असतो. गाडी लावायला जागा नाही, चालायला पुळण नाही. त्या दिवशी भाविकांना जाऊ द्या, तुम्ही दुसरीकडे जा. कुणकेश्वरला महाशिवरात्र, मालवणच्या बाजूला आंगणेवाडीची जत्रा, सगळीकडे शिमग्याच्या पालख्या, मग मे महिना आणि ३१ डिसेंबर हे दिवस टाळा. जोडून आलेल्या सुट्ट्यांबद्दल बोलायलाच नको.

पाहणी: एसटी कुठे वळते ते विचारा

नव्या गावाबद्दल पहिला प्रश्न "पार्किंग आहे का?" असा विचारू नका. कोकणात पाहुण्याला नाही म्हणायची पद्धत नाही, "आहे की, या तुम्ही" असंच उत्तर येतं. मग तिथे गेल्यावर कळतं की दोन मोटारसायकली आणि एक ओम्नी मावेल एवढी ती जागा. त्याऐवजी विचारा: गावात एसटी येते का? कुठपर्यंत येते? वळते कुठे? वस्तीला राहते का? मुक्कामी गाडी असेल तर गावात मोठी बस रात्रभर उभी राहील अशी निदान एक जागा नक्की आहे. एसटी अलीकडच्या तिठ्यावरूनच माघारी जात असेल तर तुमच्या ड्रायव्हरने पुढे जायचं धाडस करायची गरज नाही. एक सांभाळा, ती वळायची जागा एसटीची आहे. दिवसभर तिथे गाडी लावून ठेवली तर संध्याकाळची एसटी वळायला जागा राहत नाही आणि गाव तुमच्यावर उठतं, बरोबरच उठतं. मोठ्या गावांत एसटी स्थानकाच्या २०० मीटर परिसरात खासगी प्रवासी गाड्यांना मनाई असते, तेही ध्यानात असू द्या.

फोनवरच्या नकाशाला गाडी केवढी आहे ते ठाऊक नसतं. तो बसलाही मोटारीचीच वाट दाखवतो, आणि एका मिनिटाने जवळ म्हणून पाखाडीत घालतो. उपग्रहाचं चित्र मात्र उपयोगी आहे. त्यात अंतर मोजायची सोय असते, तिने देवळापुढची जागा, पुलाची रुंदी, वळणाचा घेर मोजता येतो. झाडीखाली काय दडलंय ते अर्थात दिसत नाही.

मग एकदा स्वतः जाऊन या, आणि शक्यतो शनिवार-रविवारी, ज्या तासाला गट पोचणार त्याच तासाला. मंगळवारी सकाळी मोकळी दिसलेली जागा रविवारी नसते. जागेचा आणि वळणांचा व्हिडिओ काढा, तो ड्रायव्हरला दाखवायचाय.

प्रत्येक ठिकाणाची स्वतःची एक वेळ असते, ती विचारून घ्या. हर्णै बंदरात मासळीचा लिलाव भरतो तेव्हा होड्यांतून पाट्या उतरत असतात, बैलगाड्या-टेम्पो थेट वाळूवर आलेले असतात, बर्फाच्या गाड्या, दुचाकीवरचे गिऱ्हाईक, आणि बंदराकडे जाणारा रस्ता बाजारातून. सुवर्णदुर्ग बघायला आलेली बस त्या वेळी बंदरावर उतरली तर लिलाव संपेस्तोवर तिथेच. मासे घेऊन निघालेला टेम्पो तुमच्यासाठी थांबू शकत नाही, त्याचा माल बर्फावर असतो. लिलाव बघायला गट जरूर न्या, पण बस हर्णै गावाबाहेर ठेवून पायी. जेटीवर, होड्या ओढायच्या वाटेवर, मासळी वाळत घालायच्या ओट्यांजवळ गाडी कधीच लावायची नाही, मग ती जागा कितीही रिकामी दिसो.

खाडी फेरीबोटीने ओलांडणार असाल, आगरदांडा-दिघी, वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ यांपैकी कुठेही, तर बस चढते का, किती लांबीची चढते आणि शेवटची फेरी कधी हे आदल्या दिवशी विचारा. ओहोटीला धक्क्याचा उतार तीव्र होतो आणि लांब बसची शेपटी घासते. माणसांना आधी खाली उतरवून रिकामी गाडी चढवायची. रांगेत मोटारी असतील तर बसला दोन फेऱ्या थांबावं लागतं, तेवढा वेळ धरून चाला.

जागा मागायची कशी

कोकणात ओसाड दिसणाऱ्या जागेलाही मालक असतो, बरेचदा आठ-दहा मालक असतात आणि त्यातले निम्मे मुंबईत. तेव्हा "कुणाची नाही वाटतं" म्हणून गाडी लावू नका. शाळेचं मैदान हवं तर मुख्याध्यापकांना, देवळाचं आवार हवं तर देवस्थानच्या विश्वस्तांना, सार्वजनिक जागा हवी तर सरपंच किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) विचारा. ज्या घरी उतरणार किंवा जेवणार त्यांना मध्ये घातलं की काम लवकर होतं. फोनवर स्पष्ट सांगा: किती सीटची गाडी, किती ते किती, माणसं गाडीजवळ थांबणार नाहीत, कचरा होणार नाही. आणि पैसे विचारा. "काही नको" असं उत्तर आलं तरी शाळेला किंवा देवळाला पावती करून द्या. पुढच्या वर्षी तुमचा फोन उचलला जातो तो या पावतीमुळे.

किनाऱ्यावरच्या बऱ्याच ग्रामपंचायती वाहनांकडून शुल्क घेतात. ते द्या आणि पावती मागा. शंभर रुपयांवरून फाट्यावर हुज्जत घालणारा लीडर पाठीमागे पन्नास गाड्या उभ्या करतो, हे दृश्य दर सुट्टीत दिसतं. पावतीचा अर्थ मात्र गाडी कुठेही लावायची मुभा असा नाही. रस्ता अडेल किंवा धोका होईल अशी गाडी उभी करणं १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२ खाली गुन्हा आहे, पावती असो वा नसो.

पुळणीवर गाडी घालण्याचा विषयच नको. किनाऱ्याची वाळू वरून घट्ट दिसते, बसच्या वजनाखाली दोन मिनिटांत चाकं रुततात, आणि मग भरती कुणाची वाट बघत नाही.

ड्रायव्हरशी आधी बोला

निघायच्या आदल्या दिवशी ड्रायव्हरशी स्वतः बोला, मालकाशी बोलून भागत नाही. चार जागांचा कागद मराठीत, वेळांसकट, त्याच्या हातात द्या आणि व्हिडिओ पाठवा. "काका, ही घाटी बघा, इथून पुढे न्यायची नाही" असं आधी सांगितलं तर तो ऐकतो. जागेवर, चाळीस माणसांदेखत सांगितलं तर त्याच्या हुशारीचा प्रश्न होतो आणि मग गाडी पुढे जातेच.

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांच्या आत अर्धा तास विश्रांती अशी मर्यादा घातली. सहलीच्या गाड्यांवर ती कशी पाळली जाते ते सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही तरी पाळा. रात्रभर ताम्हिणी किंवा कुंभार्ली उतरून आलेल्या माणसाला थांबायच्या जागेवर चार तास सलग झोप मिळाली पाहिजे, म्हणजे त्या वेळात त्याला गाडी हलवायला लावायची नाही. आपल्याकडे हे नेमकं उलटं होतं. जागा अडचणीची असते म्हणून बिचारा दिवसभर "जरा पुढे घ्या, जरा मागे घ्या" करत जागा राहतो, आणि संध्याकाळी तोच घाट चढायचा असतो.

क्लीनर असल्याशिवाय मोठी बस किनाऱ्यावर नेऊ नका. दोनशे-तीनशे रुपये वाचवायला मालक क्लीनर देत नाहीत आणि मग मागे बघायला लीडर उतरतो, त्याला बसच्या मागच्या टोकाचा अंदाज नसतो. गडग्याचा एक चिरा पडला तर तो चिरा ज्यांचा, त्यांच्या अंगणात तुमची सकाळ जाते.

फोनला रेंज नसेल हे धरून चाला. बऱ्याच पुळणींवर नसते. "पोचलो की फोन करतो" हा बेत चालणार नाही. वेळ ठरवा, आणि उशीर झाला तर गाडी कुठे जाऊन थांबेल तेही ठरवा. उदाहरणार्थ: साडेचारला देवळाजवळ, दहा मिनिटं थांबायचं, गट दिसला नाही तर फाट्यावर परत, मग सव्वापाचला पुन्हा.

उतरणं आणि चढणं

उतरण्याच्या जागेआधी दहा मिनिटं बसमध्येच सगळ्यांना पाण्याच्या बाटल्या भरायला, बूट बांधायला, टोप्या सॅकमधून बाहेर काढायला सांगा. लीडर आधी खाली. माणसं दारापासून पुढे रस्त्याकडेला एका ओळीत, बसच्या मागे कुणी नाही. मोजणी रस्त्यावर करू नका, पाखाडीत आत गेल्यावर करा. बस तोवर गेलेली असायला हवी.

चढताना खरी परीक्षा. पायांना वाळू, कपडे ओले, कुणाला कोकम सरबत हवंय, कुणाला सुके बांगडे घ्यायचेत, दोघं-तिघं संडास शोधतायत. बस येऊन उभी राहिल्यावर हे सुरू झालं की अर्धा तास गेलाच, आणि तेवढा वेळ रस्ता बंद. म्हणून हे सगळं बस येण्याआधी, रस्त्यापासून लांब उरकायचं. चढायच्या जागेच्या अलीकडे दोनशे-तीनशे मीटरवर एक घर किंवा हॉटेल बघून ठेवा, जिथे नळ आहे, सरबत आहे, संडास आहे. गट तिथे अर्धा तास आधी पोचला पाहिजे. पाय धुऊन, वाळू झटकून, बूट घालून, मोजणी करून मगच रस्त्यावर. बस दिसली की चढायचं, सॅक मांडीवर, मांडामांड चालत्या गाडीत नाही, फाट्यावर थांबल्यावर. असं केलं तर चाळीस माणसं चार-पाच मिनिटांत आत असतात.

इंजिन आणि एसी चालू ठेवून गाडी घरांसमोर उभी करू नका. दुपारी गाव झोपलेलं असतं.

अडलंच तर

समोरासमोर गाड्या आल्या तर आधी लीडर आणि क्लीनर खाली उतरतात, बाकी कुणी नाही. वीस जण उतरून वीस दिशांनी "येऊ दे, येऊ दे" करायला लागले की ड्रायव्हर बिथरतो. मागे जागा कुणाला जवळ आहे ते बघा. बहुतेक वेळा लहान गाडीने मागे जाणं सोयीचं, पण ते हात जोडून सांगायचं. स्थानिक माणूस गाडी हलवायला मदत करत असेल तर त्याचं ऐका.

गावकऱ्यांशी वाद होत असेल तर ड्रायव्हरला एकटं पुढे करू नका. गट तुमचा, बोलणं तुम्ही करायचं. "चुकलं, लगेच काढतो" म्हणून गाडी काढायची, मागाहून परत जाऊन बोलायचं. गडगा पडला, फांदी तुटली, नळाचा पाइप फुटला तर जागेवरच भरपाई ठरवून द्या. याची तरतूद सहलीच्या खर्चात आधीच धरा.

चाक रुतलं तर गॅस देऊन फिरवत बसू नका, ते आणखी खोल जातं. माणसं उतरवा, चाकासमोरची माती काढा, फळ्या नाहीतर झापं (नारळाच्या विणलेल्या झावळ्या) टाका. तेवढ्याने निघालं नाही तर गावातला ट्रॅक्टर. त्याचा नंबर पाहणीच्या दिवशीच घेतलेला असावा, सोबत जवळच्या गॅरेजचा, प्राथमिक आरोग्य केंद्राचा आणि पोलीस ठाण्याचाही. रुग्णवाहिकेला १०८, बाकी कशालाही ११२.

परत आल्यावर आठवड्याच्या आत चारही जागांची टिपणं, फोटो आणि नंबर एका फाइलमध्ये घालून ठेवा, पण पुढच्या मोसमात तीच फाइल उघडून थेट बस काढू नका. निघण्याआधी पुन्हा फोन करा. कोकणात एका पावसाळ्यात रस्ता खचतो, सागरी महामार्गाच्या कामासाठी वळसा पडतो, आणि गेल्या वर्षी बस लावलेल्या जागेवर कुणीतरी होमस्टेचा पाया काढलेला असतो.